काहीही न होण्याचा प्रयोग

घरात बसून एका डब्याचं झाकण बंद ठेवायचं, एवढंच काम माझ्यावर सोपवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यावरून माझ्या महत्त्वाकांक्षेबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी काही शोध लावायला निघालो नव्हतो. मला फक्त बसायचं होतं. आणि बसण्याचा मला दांडगा अनुभव आहे, कारण मी पाणीपट्टीच्या कार्यालयात नोकरीला आहे.

माझी बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कित्येक वर्षं शिकवते, पण हंगामी म्हणून. वर्ष संपलं की तिचे आभार मानून तिला मोकळं करतात, आणि पुढचं वर्ष सुरू व्हायची वेळ आली की ती दिवसभर फोन जवळ ठेवून घरातली कपाटं आवरत बसते. यंदा एक जागा कायम व्हायची होती. बाहेरून समिती येणार, पाठ बघणार आणि ठरवणार. यंदा झालं नाही तर वयाची अट ओलांडली जाणार होती, म्हणजे मग कधीच नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, भांडी पुसता पुसता, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. ती एखादा विषय काढत नाही तेव्हा तो तिला किती टोचत असतो ते मला कळतं. नवरा आहे मी, अगदीच दगड नाही.

समितीने पाठाचा विषय कळवला : अल्केनच्या रासायनिक अभिक्रिया.

"चांगला विषय आहे," मी म्हणालो. मला त्यातला फक्त 'च्या' कळला होता, पण धीर देणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे.

"काय चांगला? अल्केन काही करतच नाहीत," ती वैतागून म्हणाली. "दुसऱ्या उमेदवाराला आम्ल आणि धातू मिळालंय. बुडबुडे, फसफस, पोरं खूश. आणि मला हे."

"काहीच करत नाहीत?"

"जळतात. मेणबत्ती, पेट्रोल, शेगडीतला गॅस, सगळी एकाच घरातली भावंडं. पेटवलं की जळतात. पण आम्ल ओता, ढिम्म. अल्कली ओता, ढिम्म. पोटॅशियम परमँगनेट घाला, जांभळा रंग जागचा हलत नाही. कार्बनचे चारही हात आधीच गुंतलेले. पाचवं कुणी आलं तर त्याला धरायला हातच नाही. आपल्या जागी मजेत बसून असतात."

एवढं बोलून तिने माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मी तेव्हा सोफ्यावर आडवा होतो आणि पोटावर वर्तमानपत्र होतं. मी उठून बसलो.

मात्र या आळशी मंडळींना हलवण्याची एक युक्ती असते, असं ती म्हणाली. हेक्झेन नावाचं एक द्रवरूप अल्केन घ्यायचं, त्यात ब्रोमीन मिसळायचं. तांबूस रंग येतो. तो दोन नळ्यांत भरून बुचं लावायची. एक नळी उन्हात ठेवायची, दुसरी काळ्या डब्यात. उन्हातल्या नळीचा रंग बघता बघता उडतो, कारण उन्हाने ब्रोमीनचे कण फुटतात, ते हेक्झेनमधल्या हायड्रोजनला हुसकावून त्याच्या जागेवर बसतात. अंधारातली नळी मात्र तशीच तांबूस राहते. सगळा फरक फक्त उजेडाचा. हे वर्गासमोर दाखवता आलं की पाठ जिंकला.

आता हेक्झेन. ते कॉलेजच्या भांडारात होतं, कपाटात, काचेतून दिसत होतं. पण ज्वालाग्राही द्रव बाहेर काढायला कायम शिक्षकाची सही लागते, असं भांडारपाल म्हणाले. कायम शिक्षक रजेवर होते. म्हणजे हेक्झेन मिळायला कायम व्हायला हवं आणि कायम व्हायला हेक्झेन हवं. बायको घरी येऊन हे सांगताना इतकी संतापली होती की तिने चहात मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला.

शेवटी प्राचार्यांनी सही केली, पण वर सुरक्षा कार्यालयाचं ना हरकत पत्र आणायला सांगितलं. बायकोला तास होते. "कार्यालयं माझ्यावर सोड," मी म्हणालो. खिडकीच्या आतल्या बाजूला माझं अर्धं आयुष्य गेलंय. "उद्या या" हे शब्द कोणत्या सुरात म्हटले की माणूस खरंच उद्या येतो आणि कोणत्या सुरात म्हटले की भांडतो, हे मी नव्या लोकांना शिकवतो. पण खिडकीच्या बाहेरून तेच शब्द ऐकले तेव्हा मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या खेपेला एकदाचे अधिकारी भेटले.

"प्रयोगात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"एका नळीतला रंग जातो. दुसरीत काही होत नाही."

"काही होत नाही त्याला परवानगी कशाला?"

"मग नको?"

"नको कसं? ज्वालाग्राही आहे. परवानगी लागणारच. पण अपेक्षित परिणाम लिहावा लागतो. 'काही नाही' लिहून चालत नाही."

"मग काय लिहू?"

"काहीतरी लिहा."

"पण साहेब, काहीतरी झालं तर प्रयोग फसला."

"म्हणजे धोका आहे म्हणता?" त्यांनी चष्मा काढला आणि अर्ज माझ्यापासून दूर ओढला.

मग मी 'अपेक्षित परिणाम' यापुढे 'शांतता' असं लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला.

कॉलेजची प्रयोगशाळा उत्तरेला तोंड करून आहे, तिथे ऊन येत नाही. पाठ दुसऱ्या मजल्यावरच्या, ऊन येणाऱ्या मोठ्या वर्गात होणार होता, पण तो वर्ग आधी मिळणार नव्हता. म्हणून उन्हात किती वेळ लागतो ते बघायला बायकोने आमच्या बाल्कनीत रंगीत तालीम करायचं ठरवलं. मिश्रण तिने अगदी सौम्य केलं, बुचं घट्ट बसवली, एक नळी उन्हात उभी केली, दुसरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डब्याला काळा कागद लावला. मी रजा टाकली होती.

"तुम्ही फक्त इथे बसायचं," ती तासाला निघताना म्हणाली. "उन्हातली बघा. डबा उघडायचा नाही. काहीही झालं तरी उघडायचा नाही. जमेल ना?"

जमेल ना! पाणीपट्टीच्या कार्यालयात आख्खा विभाग सांभाळणाऱ्या माणसाला हे विचारायचं! मी नुसती मान हलवली.

ती गेली आणि सासरे आले. ते आमच्याकडेच असतात, त्यांना दुपारी झोप येत नाही आणि दुसऱ्या कुणाला आलेली खपत नाही.

"जावईबापू, डब्यात काय?"

"काही नाही. म्हणजे नळी आहे. तिच्यात काही होत नाही."

"काही होत नाही हे कसं कळलं?"

"अंधारात होतच नाही."

"पण बघितलं का कुणी?"

मी त्यांना समजावलं की बघायला झाकण उघडावं लागेल, उघडलं की उजेड जाईल, आणि उजेड गेला की जे होत नाही ते होईल. सासऱ्यांनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. मग मी पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी डबा उघडला, नळी बाहेर काढली आणि चष्म्यासमोर धरून उन्हात नीट बघितली. मी आलो तेव्हा ते म्हणाले, "खरंच काही होत नाहीये हो!" आणि त्यांच्या हातातली नळी पाण्यासारखी स्वच्छ होत चालली होती.

बायको संध्याकाळी आली. दोन्ही नळ्या रंगहीन. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग वडिलांकडे. तिचे वडील ताबडतोब झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना वाचनालयात पाठवून दिलं. मग समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या. त्यांना साखर नको असते हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. "भाऊजी, बाल्कनीत काय जपताय एवढं?" मी पुन्हा सगळं सांगितलं, ब्रोमीनसकट. वहिनींनी काळजीने कपाळाला आठ्या घातल्या. हवा लागली नाही तर कुठलीही वस्तू खराब होते, त्यांच्या लोणच्याचं असंच झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी साखर आणायला आत गेलो. (होय, पुन्हा आत गेलो. घरात आलेल्या बाईला साखर नाही म्हणायची का?) बाहेर येतो तर वहिनींनी डब्याचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं. जाळीतून ऊन थेट आत उतरत होतं.

"थोडी मोकळी हवा लागू दे बिचारीला," त्या म्हणाल्या आणि साखर न घेता गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी डब्याला कुलूप लावलं. ही माझ्या आयुष्यातली घोडचूक. उघड्या डब्याबद्दल लोकांना कुतूहल असतं, पण कुलूप लावलेल्या डब्याबद्दल त्यांना खात्री असते. कसली ते ज्याने त्याने आपापलं ठरवलं. बायको शिकवते की एक फुटलेला कण दुसऱ्याला धक्का देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि अशी साखळी चालू राहते. आमच्या जिन्यात ती मी प्रत्यक्ष बघितली. दुपारपर्यंत तळमजल्यावर डब्यात दागिने होते, पहिल्यावर विष होतं, आणि आमच्याच मजल्यावर असं बोललं जात होतं की मला नोकरीवरून काढलंय आणि मी घरी बसून काहीतरी गाळतो.

इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्यासोबत पाण्याच्या पंपाचा मिस्त्रीही होता, साक्षीदार म्हणून.

"नियमानुसार इमारतीत रसायन ठेवता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"नळीभर आहे. उद्या जाणार आहे. परवानगीही आहे." मी पत्र दाखवलं.

त्यांनी ते वाचलं. "इथे लिहिलंय, अपेक्षित परिणाम शांतता. आणि इमारतीत तर सगळी बोंबाबोंब चाललीय! म्हणजे परवानगीचा भंग झाला."

"ती बोंब माझ्या डब्याची नाही, लोकांची आहे!"

"डबा उघडा. मी बघतो आणि विषय संपवतो."

मी नाही म्हटलं. ते म्हणाले सभा बोलावतो. मी म्हटलं बोलवा. ते म्हणाले पाणी बंद करतो. मी म्हटलं, पाण्याबद्दल मला सांगू नका, मी कुठे काम करतो ते विसरलात वाटतं. पहिल्यांदाच माझ्या नोकरीचा मला अभिमान वाटला. ते पाय आपटत निघून गेले आणि मिस्त्री मागे रेंगाळून हळूच म्हणाला, "मला तरी सांगा ना, काय आहे?"

दार लावून मी बाल्कनीत परत आलो. आता कुणीही नव्हतं. उन्हातली नळी केव्हाच स्वच्छ झाली होती. डबा शांत होता. मी खुर्चीत बसलो. आणि इथे मला एक गोष्ट कळली, ती कुठल्या पुस्तकात नसेल. आत काही होत नाही हे पक्कं माहीत असताना ते न बघणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. मिस्त्री जाता जाता डब्यावर टकटक करून गेला होता. त्या टकटकीने बूच सैल झालं असेल तर? नळी आडवी पडली असेल तर? माझ्या हलगर्जीपणाने उद्या बायकोची नोकरी गेली तर? मी जबाबदारीच्या भावनेने, निव्वळ जबाबदारीच्या भावनेने कुलूप काढलं.

बूच घट्ट होतं. नळी उभी होती. रंग सुंदर होता. मी खात्री करायला ती वर धरली, आणि त्या रंगात माझी नजर थोडी जास्तच अडकली.

संध्याकाळी बायकोने डबा उघडला, नळीकडे बघितलं आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्या पाठ आहे," ती एवढंच म्हणाली. "मला एकदा तरी तो रंग टिकलेला बघायचा होता. एकदा तरी." मला इतकं वाईट वाटलं की मी सेक्रेटरींचं नावही घेतलं नाही. मीच उघडला, असं सरळ सांगून टाकलं. तिने डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, "उद्या डबा तुम्हीच उचलून आणा. दुसरं कोण आहे मला?"

पाठाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसलो होतो, गुडघे बाकात अडकलेले. पुढे समितीतले तिघे. मधले अध्यक्ष धिप्पाड होते आणि 'मला सगळं माहीत आहे' असा त्यांचा चेहरा होता. बायको छान शिकवत होती. मेणबत्ती पेटवली, मेणाचा तुकडा आम्लात टाकला, ढिम्म, अल्कलीत टाकला, ढिम्म, आणि मुलं हसायला लागली. मग तिने दोन तांबूस नळ्या सगळ्यांना दाखवल्या, एक खिडकीच्या उन्हात ठेवली, दुसरी डब्यात, आणि झाकण लावलं.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "दोन्ही नळ्यांत एकच द्रव आहे का, हे समितीला तपासावं लागेल."

ते उठले, त्यांनी डबा उघडला, नळी काढली आणि खिडकीत जाऊन उन्हात धरली. आणि तिथेच उभं राहून त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलायला लागले. त्या काळी कशी काच होती, कसे शिक्षक होते, मुलं कशी नम्र होती. नळी हातातच. ऊन नळीवर. मला माझ्या सासऱ्यांचा भाऊच समोर उभा आहे असं वाटायला लागलं.

"साहेब, बंद करा!" मी ओरडलो. उभा राहायला गेलो तर गुडघे बाकातून निघेनात. वर्ग हसला. बायकोने मला हाताने बसायची खूण केली, जशी ती गोंधळ घालणाऱ्या मुलाला करते.

अध्यक्षांनी सावकाश नळी परत ठेवली. तास पुढे गेला. शेवटी बायकोने खिडकीतली नळी उचलली, रंग गेला होता. तिने डबा उघडला. तीही पाण्यासारखी स्वच्छ.

अध्यक्ष कागदावर वाकले. "प्रयोग फसला, मॅडम," ते म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. मला ते बघवेना. पण ती वळली आणि मुलांना म्हणाली, "डब्यातल्या नळीचा रंग का गेला?"

मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. "मॅडम, ती अंधारात नव्हती. सरांनी उन्हात धरली होती ना. उन्हाने ब्रोमीन फुटलं."

"आणि उघडली नसती तर?"

"तर रंग राहिला असता," अर्धा वर्ग एकदम म्हणाला.

अध्यक्षांचे कान लाल झाले. बायकोने काळ्या बाटलीत उरलेलं मिश्रण नव्या नळीत भरलं, डब्यात ठेवलं, आणि सरळ चालत माझ्याकडे आली. सगळ्या वर्गासमोर तो डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी दोन्ही हात झाकणावर ठेवले.

ती मुलांना ज्वलनाचं समीकरण सोडवायला देऊन फळ्याकडे गेली. अध्यक्ष थोडा वेळ बसले, मग उठले आणि माझ्या बाकाशी आले.

"बघू जरा," ते म्हणाले.

त्यांच्या एका शब्दावर तिची नोकरी होती. आयुष्यात साहेबाला मी कधी नाही म्हटलेलं नाही, रजेच्या दिवशीसुद्धा नाही.

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मी समितीचा अध्यक्ष आहे."

"होय साहेब. पण बाईंनी सांगितल्याशिवाय नाही."

मग ते माझ्याच बाकावर, मला सरकवून बसले. बाक कुरकुरला. आम्ही दोघं शेजारी शेजारी त्या डब्याकडे बघत बसलो. त्यांचा हात मधूनच पुढे यायचा आणि ते तो मागे घ्यायचे. मला त्यांचं दुःख समजत होतं.

अखेर बायको आली आणि तिने झाकण काढलं. नळी तांबूस होती, आत ठेवली तशीच. मुलांनी बाक बडवले. बायको नळीकडे अशी बघत होती की तिला बाक बडवलेले ऐकूही आले नसावेत.

अध्यक्ष उठले, कोट झटकला आणि मला विचारलं, "तुम्ही इथले कायम कर्मचारी का?"

"नाही साहेब, मी हंगामी," मी म्हणालो. "कायम त्या आहेत."

हे कसं तोंडातून गेलं कोण जाणे. बायकोने धसकून माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं, उभ्या उभ्याच बाकावर कागद ठेवून काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली.

"झाल्या," ते म्हणाले.

बायको फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ तिने फळा पुसला, जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथेसुद्धा. मग ती वळून मुलांना म्हणाली की ब्रोमीनने डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा बाटली नेहमी घट्ट बंद ठेवावी. मुलांनी ते लिहून घेतलं. बाटली घट्ट बंदच होती.